खाडीतील पिल्ले मोजली जातात. त्यांचे पोषण कोण मोजणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातील एखाद्या खाडीत माशांची पिल्ले मोठ्या संख्येने आढळली, की त्या खाडीची प्रकृती सुधारल्याचा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि तो वृत्तपत्रांतून, क्वचित आपल्या दैनिकातूनही, छापून येतो. हा निष्कर्ष घाईचा आहे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पिल्ले खाडीत आली, ही अर्धी गोष्ट झाली. ती तिथे पोसली जातात की उपाशीपोटी दिवस काढतात, हे तपासल्याशिवाय खाडीला माशांचे संगोपनस्थळ म्हणता येत नाही. ही तपासणी कशी करावी याचे ज्ञान शंभर वर्षांपासून जमा होत आले आहे, पण आपल्याकडील सरकारी अहवालांमध्ये आणि प्रकल्पांच्या पर्यावरण-मूल्यमापनात त्याला अजून हक्काची जागा मिळालेली नाही. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नागपूरकराने या विषयात तोंड घालावे याचे नवल वाटेल, पण त्याला कारणे आहेत आणि ती पुढे येतीलच.

खाडीत सापडणारे बहुतेक महत्त्वाचे मासे खाडीत जन्मलेले नसतात. बोय समुद्रात अंडी घालते आणि तिची दोन-तीन सेंटिमीटरची पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात. जिताडा खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी सोडतो आणि त्याची पिल्ले पावसाळ्याच्या सुमारास कांदळवनात, खाजणांत आणि लहान-लहान ओहोळांत चढतात. तांबोशी, कोळंबीच्या अनेक जाती, शिंगाळा या सर्वांचे बालपण थोडेफार असेच जाते. गोड्या पाण्याबरोबर आलेली पोषकद्रव्ये, तिवरांचा कुजलेला पाला, चिखलावर धरणारा सूक्ष्म शेवाळाचा थर आणि गढूळ पाण्यामुळे शिकाऱ्यांपासून मिळणारा आडोसा यांसाठी ती येतात. मात्र ज्या खाडीत ती येतात तिथे यांपैकी काय उरले आहे, हे पिल्लांच्या संख्येवरून कळत नाही, कारण भरती त्यांना आत आणताना खाडीतले अन्न पाहून आणत नाही. अमेरिकेतील काही सागरी शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ‘संगोपनस्थळ’ या शब्दाची कसोटी ठरवून दिली. पिल्लांची दाटी, त्यांची वाढ, त्यांचे जगण्याचे प्रमाण आणि मोठी होऊन प्रौढांच्या थव्यात जाऊन मिळण्याचे प्रमाण, या सर्वांचा विचार करून जी जागा इतर जागांपेक्षा दर एकरी अधिक प्रौढ मासे पुरवते तिलाच ते नाव द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. आपण या चारांपैकी पहिल्यावरच थांबतो, आणि तेही जाळ्यात आले तेवढे मोजून.

उपासमारीचा प्रश्न माशांच्या बाबतीत किती निर्णायक आहे, हे नॉर्वेचे योहान योर्ट यांनी १९१४ मध्येच मांडले होते. एखाद्या वर्षी समुद्रात मासळी उदंड का होते आणि एखाद्या वर्षी दुष्काळ का पडतो, याचे उत्तर अंड्यांच्या संख्येत शोधू नका, अंड्यातून बाहेर पडलेल्या जिवाला पहिल्या दिवसांत खायला मिळाले का ते पाहा, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. पुढच्या संशोधकांनी त्यात बऱ्याच दुरुस्त्या केल्या, पण बालवयातील पोषण हा मासळीच्या पुढच्या उत्पादनाचा पाया आहे, हे कोणी नाकारलेले नाही.

विदर्भातील वाचकांना हा विषय समजावून सांगण्यासाठी लांब जावे लागत नाही. मेळघाटातील अंगणवाडीत काय तपासले जाते, हे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. बालकाचे नुसते वजन पुरत नाही म्हणून उंचीच्या मानाने वजन पाहिले जाते, दंडाचा घेर मोजला जातो आणि तो साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला, तर ते मूल तीव्र कुपोषित धरले जाते. दोन्ही पायांवर सूज असेल, तर वजन काहीही भरो, त्या मुलाला तीव्र कुपोषितच समजायचे, असाही नियम आहे, कारण अंगात साठलेले पाणी वजनाला फसवते. मुलांच्या दुःखाची माशांशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण मोजमापाचे शास्त्र दोन्हीकडे आश्चर्य वाटावे इतके सारखे आहे, आणि शेवटी सांगितलेली सुजेची बाब तर माशांच्या बाबतीत अधिकच खरी आहे.

लांबीच्या मानाने वजन पाहण्याची माशांमधील पद्धत स्कॉटलंडच्या फुल्टन यांच्या नावाने ओळखली जाते. ग्रॅममधील वजनाला शंभराने गुणायचे आणि सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागायचे. दहा सेंटिमीटरचे पिल्लू दहा ग्रॅमचे असेल तर उत्तर एक येते, आठ ग्रॅमचे असेल तर शून्य दशांश आठ. एक फूटपट्टी आणि एक बरा तराजू एवढ्या साहित्यावर होणारे हे काम असल्यामुळे ते जगभर चालते आणि चालावेही. मात्र त्याला मर्यादा आहेत. सडपातळ मुडदुशी आणि रुंद अंगाची काळुंद्र यांचे आकडे शेजारी ठेवून कोण सुदृढ हे ठरवता येत नाही, कारण तो फरक शरीराच्या ठेवणीचा असतो, पोषणाचा नसतो. एकाच जातीतसुद्धा पिल्लू वाढते तशी त्याची ठेवण बदलते, लांबीच्या घनाच्या प्रमाणात वजन वाढेलच असे नाही. म्हणून इंग्लंडमधील ल क्रेन यांनी १९५१ मध्ये विंडरमियर तलावातील पर्च माशांचा अभ्यास करताना दुसरा मार्ग सुचवला. त्या जातीच्या पुष्कळ माशांवरून प्रत्येक लांबीला अपेक्षित वजन किती हे आधी काढायचे आणि हातातला मासा त्या अपेक्षेच्या वर आहे की खाली ते पाहायचे. हा मार्ग चांगला आहे, पण त्यासाठी आपल्या खाड्यांतील आपल्या जातींचे तक्ते लागतात. ते तुकड्या-तुकड्यांनी प्रबंधांत आणि संशोधनपत्रिकांत विखुरलेले आहेत. एकत्र करून, खाडीनिहाय आणि हंगामनिहाय लावून कोणी लोकांसमोर ठेवलेले नाहीत.

आता त्या सुजेविषयी. उपाशी मासा आपली चरबी आणि पुढे स्नायूंतील प्रथिने जाळतो, आणि जळालेल्या द्रव्याची जागा बऱ्याच अंशी पाणी घेते. त्यामुळे त्याचे ओले वजन जितके घटायला हवे तितके घटत नाही. अटलांटिक महासागरातील कॉड माशाच्या स्नायूंत चांगल्या पोषणाच्या काळात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि लांबलेल्या उपासमारीत ते ८५ टक्क्यांच्याही पुढे जाते, हे फार पूर्वीच दिसून आलेले आहे. प्रयोगशाळेतील कामाचे एक उदाहरण देतो. बोयची एकाच लांबीची दोन पिल्ले ट्रेमध्ये शेजारी-शेजारी ठेवली आहेत. अंगावरचे पाणी टिपकागदाने टिपून वजन केले, तर तराजूवर दोघांत जेमतेम फरक दिसतो. बोटाने पाठीवरून चाचपले, तर एकाची पाठ भरलेली लागते आणि दुसऱ्याच्या कण्याची धार बोटाला जाणवते, पण ‘जाणवते’ हा काही आकडा होत नाही. दोघांनाही ६० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवले, की मग भेद उघड होतो. एकाच्या शरीरात घन द्रव्य उरलेले असते आणि दुसऱ्याच्या जागी कातडी, काटे आणि थोडासा पापुद्रा. ओव्हन ही काही महागडी वस्तू नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयात ती असते. तरीही मत्स्यजीवनाचा भाग असलेल्या जितक्या पर्यावरण-अहवालांवरून माझी नजर फिरली, त्यांत पिल्लांचे सुके वजन नोंदवलेले दिसले नाही. प्रजातींची यादी असते, शास्त्रीय नावे तिरप्या अक्षरांत असतात, आणि काम झाले असे समजले जाते.

पोट फाडून पाहिले की झाले, असे वाटणारेही आहेत. बोयच्या बाबतीत तो मार्ग विशेष फसवा आहे. तिचे पिल्लू खाडीत शिरताना पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी खाते आणि थोडे मोठे झाले, की चिखलावरचा थर ओरपू लागते. वाळूच्या कणांसकट ते सारे कोंबडीच्या पेषणीसारख्या जाड भिंतीच्या जठरात भरडले जाते. त्यामुळे बोयचे पोट उघडले तर ते बहुधा भरलेलेच आढळते. प्रश्न असतो त्या चिखलात डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय द्रव्य किती आणि नुसती माती किती हा. खाडीच्या काठावर भराव पडून किंवा वाळू उपसून तो थर खरवडला गेला असेल, तर पिल्लाचे पोट टम्म आणि अंग मात्र खपाटीला, असे घडू शकते. जिताड्यासारख्या शिकारी पिल्लाचे उलट. त्याचे पोट रिकामे निघाले म्हणजे ते उपाशीच आहे असे नाही, एक कोळंबी गिळून ते बराच वेळ स्वस्थ बसते. शिवाय भरतीला पकडलेले पिल्लू आणि ओहोटीला पकडलेले पिल्लू यांच्या पोटांची तुलना करायचीच नसते. उधाण (मोठी भरती) होते की भांग (लहान भरती), याची नोंदसुद्धा नमुन्याबरोबर हवी. पोटातला ऐवज काही तासांची हकिगत सांगतो, त्यापलीकडे नाही.

काही दिवसांची हकिगत हवी असेल, तर पेशींकडे जावे लागते. प्रत्येक पेशीतील डीएनएचे प्रमाण जवळजवळ ठरलेले असते. आरएनए मात्र शरीरात प्रथिने बांधण्याचे काम जोरात असेल तर वाढतो आणि अन्न तुटले की घटतो. म्हणून स्नायूच्या तुकड्यातील आरएनए आणि डीएनए यांचे गुणोत्तर हे पिल्लू गेल्या काही दिवसांत वाढत होते की नाही याची साक्ष देते. १९७० च्या दशकापासून ही पद्धत मत्स्यशास्त्रात रुळली आहे आणि अगदी मोहरीएवढ्या पिल्लांवरही ती चालते, हा तिचा मोठा गुण. तिच्याच जोडीला चरबीचे मोजमाप असते. साठवणीची चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड ही भुकेच्या दिवसांत खर्ची पडते, तर पेशींच्या आवरणातील स्टेरॉल सहसा हलत नाही. तेव्हा दोहोंचे गुणोत्तर घेतले, की पिल्लाच्या आकाराचा अडसर न राहता त्याची शिल्लक कळते. परंतु आरएनएचे प्रमाण पाण्याच्या तापमानावरही अवलंबून असते, त्यामुळे जानेवारीतील आणि मे महिन्यातील आकडे तापमानाचा हिशेब केल्याशिवाय शेजारी मांडून चढ-उतार दाखवणारा आलेख काढला, तर तो कितीही देखणा असला तरी त्याला अर्थ नाही. आणखी एक अडचण अगदी व्यावहारिक आहे. मासा मेल्यावर आरएनए फार वेगाने नासतो. खाडीच्या काठावर द्रव नायट्रोजनची टाकी किंवा निदान कोरडा बर्फ नसेल, तर नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातली माहिती संपलेली असते. कोकणातल्या बंदरावर बर्फाचा कारखाना सापडेल. कोरडा बर्फ आधी ठरवून न्यावा लागतो.

आठवड्यांची आणि महिन्यांची हकिगत पिल्लाच्या कानात असते. कानाच्या पोकळीत चुन्याचा एक बारीक खडा असतो, ज्याला शास्त्रज्ञ ओटोलिथ म्हणतात. त्यावर दररोज एक सूक्ष्म वलय चढते, हे पॅनेला यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पिल्लू किती दिवसांचे आहे ते मोजता येते आणि वलयांमधल्या अंतरावरून त्याची वाढ केव्हा जोमात होती, केव्हा मंदावली याचा अंदाज बांधता येतो. खाडीत पाणी बिघडल्याची तारीख ठाऊक असेल, तर त्या सुमाराची वलये दाटीवाटीने पडली आहेत का हे तपासता यावे, इतकी ही नोंद बारीक असते. पण आपल्याकडे नमुने सर्रास साध्या फॉर्मालिनमध्ये बुडवून ठेवण्याची जुनी सवय आहे. फॉर्मालिन आम्लधर्मी होत जाते आणि चुन्याचा खडा त्यात विरघळू लागतो, पिल्लाची लांबी आक्रसते ती वेगळीच. महाविद्यालयांच्या कपाटांत बरण्याच्या बरण्या भरून पिल्ले ठेवलेली असतात. त्यांच्यापासून जात ओळखण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही, याचे कारण ही सवय आहे. अल्कोहोल वापरले असते, तर आज त्याच बरण्यांमधून जुन्या खाड्यांचा इतिहास वाचता आला असता.

या सर्व मापांवर एक सावली पडलेली असते आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. आपण जाळे टाकतो तेव्हा हाती लागतात ती जगलेली पिल्ले. जी सर्वांत अशक्त होती ती पळू न शकल्यामुळे आधीच कोणाच्या तरी पोटात गेलेली असतात. त्यामुळे एखाद्या खाडीतील सर्व पिल्ले धष्टपुष्ट आढळली, तर अन्न मुबलक आहे असाही अर्थ निघतो, आणि दुबळी राहिलीच नाहीत असाही. दोन्हींतील खरे कोणते, हे ठरवायला एका खेपेचा नमुना पुरत नाही. त्याच खाडीत काही दिवसांच्या अंतराने पुन्हा-पुन्हा जावे लागते, पिल्लांची संख्या कशी घटत गेली आणि उरलेल्यांचे पोषण कसे बदलले हे एकत्र पाहावे लागते. म्हणूनच संख्या मोजणे सोडून द्या असे माझे म्हणणे नाही. संख्येशिवाय पोषणाचा आकडाही आंधळाच असतो.

आणि उलट बाजूनेही सावध राहायला हवे. मासा भरलेला आहे म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असा अर्थ कोणी काढू नये. शहराच्या मैलापाण्याने खाडीत सेंद्रिय द्रव्य वाढते, काही जातींना त्याचा फायदाही होतो आणि त्यांची पिल्ले चांगली चरबी धरतात. पारा किंवा शिसे यांसारखे धातू त्यांच्या अंगात किती साठले, याचा या मापांशी संबंध नाही. तो तपास स्वतंत्रपणेच करावा लागतो. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला याचा मला आनंदच आहे, पण तिथल्या रोहित पक्ष्यांच्या गर्दीवरून खाडीतल्या पिल्लांच्या प्रकृतीविषयी विधान करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

या सगळ्याचा धोरणाशी संबंध कुठे येतो, ते कोकणातील वाशिष्ठी नदीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. कोयना प्रकल्पात वीज निर्माण केल्यावर सोडलेले पाणी, वर्षाला सुमारे ६७ अब्ज घनफुटांच्या घरात, पश्चिमेला वळून वाशिष्ठीत येते आणि दाभोळच्या खाडीला मिळते. म्हणजे ज्या खाडीत ऐन उन्हाळ्यात गोड्या पाण्याची धार क्षीण व्हायला हवी, तिथे ती वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाप्रमाणे वाहते. दुसरीकडे लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल याच खाडीतील मच्छीमार अनेक वर्षे तक्रार करीत आले आहेत. या दोन्हींचा परिणाम मेलेल्या माशांच्या छायाचित्रांतून कळेल तेव्हा कळेल; त्याच्या कितीतरी आधी तो जिवंत पिल्लांच्या चरबीत आणि वलयांत उतरलेला असतो. मासे तरंगू लागल्यावर धावणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, पण पिल्ले रोडावू लागल्याची खबर देणारी व्यवस्था नाही.

त्यात प्रकल्पांच्या मूल्यमापनाची पद्धतच अशी, की पर्यावरणाची मूळ स्थिती साधारणतः पावसाळा वगळून एका हंगामात नोंदवली जाते. रस्ता किंवा कारखान्याच्या धुळीसाठी ते ठीक असेल. पण खाडीच्या बाबतीत पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे वगळणे म्हणजे शाळेची पटनोंदणी मे महिन्याच्या सुट्टीत करण्यासारखे आहे. जिताड्याची पिल्ले ज्या दिवसांत आत शिरतात, गोड्या पाण्याबरोबर सिलिका आणि इतर द्रव्ये येऊन डायटम फोफावतात, त्या दिवसांत नमुनेच घ्यायचे नाहीत आणि नंतर ‘या भागात मत्स्यबीजाची लक्षणीय उपस्थिती आढळली नाही’ असे लिहून मोकळे व्हायचे, ही पद्धत बदलली पाहिजे. पावसाळ्यात होडी घालणे धोक्याचे असते हे मान्य. पण कांदळवनातील ओहोळांत पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकायला होडी लागतेच असे नाही, आणि तो कसा, कुठे टाकायचा हे सांगणारे हात प्रत्येक खाडीकाठी आहेत. त्या हातांना हमालीऐवजी नमुना घेण्याचे रीतसर मानधन द्यावे. मासा रोड आहे की भरलेला, हे पारखण्यात त्यांचा डोळा आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा तयार असतो.

आता नागपूर. आपल्या नाग नदीचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. तेव्हा नागपूर समुद्रापासून दूर असले, तरी त्याची स्वतःची खाडी आहे, फक्त ती आंध्र प्रदेशात, काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या कांदळवनात आहे. तिथल्या पिल्लांना मिळणारे गोडे पाणी आणि गाळ वाटेत गोसीखुर्दचे धरण, मेडीगड्डाचा बंधारा आणि मूळचा १८५२ मध्ये पूर्ण झालेला धवलेश्वरमचा बंधारा असे टप्पे ओलांडून जातात. पूर्वी पावसाने ठरणारे त्यांचे वेळापत्रक आता बऱ्याच अंशी दरवाजांनी ठरते. पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढणारा पाला मासा, ज्याला तिथे पुलसा म्हणतात आणि ज्याच्यासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात, तो त्या बंधाऱ्यापाशी अडतो हे सर्वश्रुत आहे. त्याच्याइतके नाव नसलेल्या शेकडो जातींच्या पिल्लांना खालच्या खाडीत काय वाट्याला येते, हा प्रश्न वरच्या राज्यांतील पाणी-नियोजनात कधी विचारला जात नाही. पाणी ‘समुद्रात वाया जाते’ हे वाक्य आपल्याकडे सर्वपक्षीय आहे. त्या पाण्यावर मुखाशी कोणी जगत असते, याची दखल निदान विदर्भाच्या जलनियोजनात एखाद्या परिच्छेदाने तरी घ्यावी.

या विषयात पुढाकार घेण्याची साधनेही नागपुरातच आहेत. १९५८ पासून पर्यावरण-संशोधन करणारी नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) येथे आहे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे आणि त्याचे मत्स्य विज्ञान महाविद्यालयही येथेच आहे. किनाऱ्यावर शिरगाव-रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आणि २०१२ पासून राज्याचा कांदळवन कक्ष आहे. कोणते महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाकडे असावे यावर आपल्याकडे जितकी शाई खर्च झाली, तिच्या काही हिश्शात या संस्थांचा एक समाईक कार्यक्रम उभा राहिला असता. रत्नागिरीने नमुने घ्यावेत आणि तिथेच मोजून-वाळवून सुके वजन काढावे, वर्सोव्याने आरएनए आणि चरबीचे काम करावे, नागपूरने पाण्याच्या आणि गाळाच्या रसायनाशी त्याची सांगड घालावी. प्रत्येक खाडीत सर्व चाचण्या दरवर्षी करण्याची गरज नाही आणि तेवढा पैसाही नाही. लांबी, ओले वजन आणि सुके वजन सर्वत्र, आणि महागड्या चाचण्या जिथे या साध्या आकड्यांनी शंका निर्माण केली तिथे, असा क्रम ठेवला, तर खर्च आवाक्यात राहतो.

याचा लाभ खाडीपुरता मर्यादितही नाही. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत आणि आपल्या जलाशयांत दरवर्षी रोहू, कटला, मृगळाची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली जाते आणि किती लाख सोडली हा आकडा अभिमानाने जाहीर होतो. ती सोडताना कोणत्या अवस्थेत होती, वाहतुकीत किती दिवस उपाशी राहिली, हे ढीवर मच्छीमार बांधवांच्या संस्थांना कोणी सांगत नाही. बोटुकली तळ्यात उतरल्यावर दिसेनाशी झाली, तर दोष चोरट्या मासेमारीला किंवा नशिबाला दिला जातो. प्रत्येक खेपेतील मूठभर बोटुकली मोजून, वाळवून तिचा दाखला खेपेबरोबर द्यावा, अशी अट पुरवठ्याच्या करारात घालायला कायदा बदलावा लागत नाही.

डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरते आणि त्यात मत्स्यव्यवसायावर प्रश्न विचारले जातात. बहुतेक डिझेलच्या परताव्याचे, बंदरांचे, नुकसानभरपाईचे असतात आणि ते विचारलेच पाहिजेत. त्यांच्यात या वेळी विदर्भातील एखाद्या सदस्याने दोन प्रश्नांची भर घालावी, अशी आपल्या स्तंभामार्फत विनंती आहे. राज्यातील खाड्यांच्या नियमित पाणी-तपासणीत माशांच्या पिल्लांच्या पोषणाची तपासणी समाविष्ट करण्याचा शासनाचा विचार आहे काय, आणि असल्यास कोणत्या पावसाळ्यापासून? खाडीकाठच्या प्रकल्पांना परवानगी देताना पावसाळ्यातील नमुने बंधनकारक करण्याची शिफारस राज्य शासन केंद्राकडे करणार काय? उत्तर लेखी मिळाले, तर ते आपल्या दैनिकाने पूर्ण छापावे.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
नागपूर